वेसण

जुलै. टिमारूत काचांवर हिमाची साय धरलेली
आणि सकाळी सातला कहुरंगी शटर ठोठावते.
दुधाचा टँकर चालवते ती; रात्रपाळी उतरली की सरळ इकडे.
"मर्डो, हिला दमच नाही."

हिला म्हणजे लेगसीला.
दोन टर्बोंची जपानी वॅगन, सत्त्याण्णव सालची.
आधीच्या सहा मालकांनी सुचेल ते बसवलेलं:
रुंद एक्झॉस्ट, मोठा इंटरकूलर,
डॅशबोर्डवर चिकटवलेला कंट्रोलर, त्याचा एक दिवा मेलेला.

फेअरलीच्या चढाला पाय दाबला
की काटा आठापर्यंत येतो आणि बसतो,
जेवण झालेल्या पाहुण्यासारखा.
चौदा हवेत.
"तीन वर्षं अशीच चालवली. वाटलं, स्वभावच असेल."

साडेचार हजारांवर खाच लागते, तीही तिनं सांगितली.
ती असू दे.
पहिला टर्बो दुसऱ्याच्या हाती काठी देतो,
देताना एक श्वास चुकतोच.

बॉनेट उघडलं.
नळ्याच नळ्या, पेनाच्या रिफिलीएवढ्या,
एकमेकींच्या पोटाखालून गेलेल्या.
कुणीतरी सगळ्या बदललेल्या, निळ्या सिलिकॉनच्या,
कुठे मुरड नाही, कुठे ताण नाही.
"ज्यानं केलंय त्याचा हात चांगला," मी म्हणालो.

धूर भरला. टॉर्च घेऊन अर्धा तास वाकून राहिलो,
पोराच्या डोक्यात उवा शोधाव्यात तसा.
एक धागासुद्धा बाहेर आला नाही.
वेस्टगेटच्या डबीला सायकलचा पंप लावला.
दांडा सरकला, दाब धरून राहिला.
सोलेनॉइडला बारा व्होल्ट. टक. टक.
सगळे साक्षीदार खरं बोलत होते
आणि गाडी तरी खोटी.

कहुरंगी चहाचा मग शेकत म्हणाली,
चुलतभाऊ सांगतो, दोन्ही टर्बो गेले, नवे टाक.
चुलतभावाचं काय जातं.

दुपारी रस्त्यावर. ती चालवतेय,
माझ्या मांडीवर लॅपटॉप, गुडघ्याशी हीटर.
सोलेनॉइड पंच्याण्णव टक्के उघडा,
बिचारा जीव तोडून हवा बाहेर सोडतोय,
तरी वेस्टगेट घाईनं दार उघडतं.
म्हणजे त्याच्या कानाशी कुणीतरी फार मोठ्यानं बोलतंय.

थांबवली. एका नळीला क्लॅम्प लावला, किंचित आवळला,
दुखणार नाही इतकाच.
पुन्हा तोच चढ.
नऊ. अकरा. तेरा.
कहुरंगी ओरडली, माझ्या लॅपटॉपवरचा चहा तिला दिसलाच नाही.

मी गप्प.
या नळीत कारखान्यातून एक पितळी गोळी येते,
भाताच्या शिताएवढी, मधे सुईचं भोक.
हवेच्या नाकातली वेसण.
जुनी रबरी नळी कचऱ्यात टाकली
की तीही आत बसूनच जाते, आवाज न करता.

गॅरेजमधे नळीचं टोक उलटून पाहिलं.
पांढऱ्या शाईत क्रमांक: सतरा.
साताच्या पोटातून आडवी रेघ.
असा सात माझी आई काढायची, डेन्मार्कची,
आणि या गावात तिच्यानंतर फक्त मी.

अकरा वर्षांपूर्वी. रोख पैसे देणारा एक पोरगा,
नाव आठवत नाही.
निळा रंग त्याला आवडला होता.

तंबाखूच्या जुन्या डब्यातून एक गोळी काढली,
थुंकी लावून नळीत सरकवली.
"किती झाले?"
मी साताकडे बोट दाखवलं. तिला कळायला वेळ लागला.
मग हसली, आणि हसताना नीट बघून घेतलं मला.

ती गेली. हायवेच्या वळणापर्यंत ऐकत उभा होतो:
पहिला, मग तो चुकलेला श्वास, मग दुसरा.

त्या वर्षी निळ्या नळीचं आख्खं भेंडोळं संपलं होतं माझं.
तीस मीटर.
वहीत फक्त गाड्यांचे रंग लिहिलेत.